पत्र्याखालचा कॉम्प्युटर

आमच्या घरात एकमेकांशी मोठ्यानं बोलायची सवय होती. खाली पुढच्या भागात दोन यंत्रमाग चालायचे. माग आमचे नव्हते, जागा तेवढी भाड्यानं दिलेली होती. मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि त्याला लागून झोपायची खोली. माग सुरू झाले की मांडणीवरची भांडी थरथरत, आणि अव्वा भाकरी थापताथापता काही सांगू लागली की तिला माग, भांडी आणि स्वतःचं थापणं या सगळ्यांच्या वर आवाज काढावा लागे. मध्येच लाइट गेली की माग गपकन थांबायचे, पण अव्वाचं वाक्य त्याच पट्टीत पुढे दोन शब्द जायचं. त्या दोन शब्दांमुळे घरातल्या बऱ्याच गोष्टी गल्लीला कळल्या. आज मी पुण्यात सातव्या मजल्यावर राहते, तिथं फोनवर बोलायला लागले की माझी मुलगी उठून दार लावून घेते.

अव्वा म्हणजे माझी आई. ती अक्कलकोटकडची, माहेरी सगळे कानडी बोलणारे, त्यामुळे रागावली की कानडी आणि हिशेबानं बोलायचं असलं की मराठी. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पा चादरींवरची डिझाइनं काढायचे. खाली मांडी घालून बसायचे, समोर पाट, पाटावर मोठा ग्राफचा कागद, शेजारी वाटीत लाल रंग आणि बारीक कुंचला. कागदावरचा एक चौकोन म्हणजे चादरीतला एक धागा. चौकोन भरत जायचे, आणि महिनाभरानं त्या लाल ठिपक्यांतून एक मोर किंवा वेल उभी राहायची. मग तो कागद पंचिंगवाल्याकडे जायचा, तिथं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पडायची, त्या पट्ट्या मागावर चढायच्या आणि मोर चादरीवर यायचा. अप्पांच्या मोरांखाली किती लोक झोपले असतील याचा अंदाज करणं अवघड आहे. अप्पांना त्याचं काही वाटत नसे. एस.टी.त कोणाच्या मांडीवर त्यांचीच चादर दिसली तर ते फक्त वीण किती घट्ट आहे ते बोटानं चाचपून बघायचे आणि खिडकीबाहेर तोंड करायचे.

मी बारावीनंतर कॉम्प्युटरचा एक क्लास केला होता, तो करून वर्ष झालं होतं, आणि पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं. त्या वर्षी अप्पांनी चहा बशीत ओतून प्यायचं बंद केलं. ते पेल्यानं, दोन्ही हातांत धरून प्यायला लागले. अव्वानं ते पहिल्याच दिवशी पाहिलं असणार, मी पाहिलं ते पंधरा दिवसांनी. त्यांचा उजवा हात थरथरत होता. फार नाही. पण चौकोन बारीक असतात. मग एके दिवशी हमालाच्या डोक्यावरून खोक्यांत भरलेला कॉम्प्युटर घरी आला. अप्पा मला म्हणाले, “क्लास केलास की. बस आता.” हातामुळे आणला असं ते म्हणाले नाहीत. आता सगळे कारखानदार कॉम्प्युटरचंच डिझाइन मागतात असं त्यांनी अव्वाला सांगितलं. ते खोटं नव्हतं.

कॉम्प्युटर ठेवायला जागा एकच होती, लोखंडी जिन्यानं वर गेल्यावर असलेली पत्र्याची खोली. खाली मागांचं तूस उडायचं. कापसाचे ते बारीक तंतू भाकरीच्या पिठात, केसांत, देवाच्या फोटोवर, सगळीकडे बसायचे, आणि कॉम्प्युटरच्या पंख्यात बसले तर चार दिवसांत तो बंद पडला असता. म्हणून वर. मी खुर्चीवर बसायचे आणि अप्पा माझ्या मागे स्टुलावर. त्यांचे जुने कागद समोर भिंतीला टाचलेले असायचे, पण त्यांना ते बघावे लागत नसत. ते डोळे मिटून सांगायचे, “सात भर. दोन सोड. एक भर. परत सात.” मी माऊसनं चौकोन भरायचे. दिवसच्या दिवस आमच्यात एवढंच बोलणं होई. वडिलांशी माझं जेवढं बोलणं झालं त्यातलं निम्म्याहून अधिक असं आकड्यांतलं आहे, आणि अजूनही कुणी सात म्हटलं की मला पुढचं ‘भर’ ऐकू येतं.

अंबादास शेट म्हणून एक कारखानदार होते. अप्पांनी त्यांच्या वडिलांसाठीही काम केलेलं. त्यांनी नव्या चादरीसाठी सात डिझाइनं सांगितली, अक्षय तृतीयेच्या आत. सांगून झाल्यावर चपला घालताघालता ते हळूच म्हणाले, “अप्पा, लई वर्षं केलंत. आता जरा आराम करा की.” होटगी रोडला एक तरुण डिझायनर आला होता, त्याच्या ऑफिसात एसी होता, हे आम्हाला ठाऊक होतं. शेट दुष्ट नव्हते. अप्पांच्या हाताचं त्यांच्या कानावर गेलं होतं इतकंच. ही सात डिझाइनं वेळेत झाली नाहीत तर आठवं येणार नव्हतं, आणि एका शेटनं काम काढून घेतलं की बाकीचेही त्याचं कारण विचारणार होते.

फाल्गुन सरत आला तसा कॉम्प्युटर सकाळी अकराला बंद पडायला लागला. पत्रा तापायचा, खोली भट्टी व्हायची, आणि आतला मुख्य भाग, प्रोसेसर, इतका गरम व्हायचा की यंत्र एक लांब शिट्टी मारून आपणहून विझायचं. रात्री काम करावं तर आमच्या पेठेत संध्याकाळनंतर लाइटचा भरवसा नसे, आणि दिव्याच्या उजेडात अप्पांना पडद्यावरचा लाल आणि तपकिरी वेगळा कळत नसे. म्हणजे हातात सकाळचे चार तास. मी कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावला, तर तो गरम हवाच आत ढकलायचा. एकदा मी खाली जेवायला गेले असताना अप्पांनी माठाला गुंडाळतात तसं ओलं गोणपाट कॉम्प्युटरला गुंडाळून ठेवलं. मी जिन्यातूनच ओरडले. त्यांनी गोणपाट काढलं, घडी घातली आणि उलट मलाच विचारलं, “माठ गार होतो, मग हे का न्हाय?” मला राग आला होता. पण प्रश्न बरोबर होता.

क्लासच्या खाली एक सायबर कॅफे होता. तिथं तासभर बसून मी तेच शोधलं, आणि परदेशातल्या कुणा मुलानं केलेल्या एका विचित्र वस्तूचा फोटो सापडला. माणसाएवढा उंच पाइप बादलीत उभा केलेला. वरच्या टोकाला न्हाणीघरातला शॉवर. बादलीतला पंप पाणी वर चढवतो, वाटेत ते पाणी प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून जातं, त्याची उष्णता घेतं, मग पाइपात वरून थेंबाथेंबानं खाली पडतं. खालून एक लहान पंखा पाइपात हवा सोडतो. पडतापडता थोडं पाणी वाळतं आणि उरलेलं गार होतं. म्हणजे माठच, फक्त फिरता. इंग्रजी मला अर्धंच कळलं. चित्र मी घरून नेलेल्या ग्राफच्या कागदावर उतरवून घेतलं, चौकोन मोजून.

ते घेऊन मी मैनुद्दीनचाचांकडे गेले. त्यांचं कूलर आणि फ्रिज दुरुस्तीचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. उन्हाळ्यात त्यांच्या दारात गवताच्या जाळ्यांची चळत लागलेली असायची आणि अख्ख्या रस्त्याला त्या ओल्या गवताचा वास यायचा. चाचांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. कॉम्प्युटरला पाण्याजवळ नेणं हा शुद्ध वेडेपणा आहे असं त्यांचं मत पडलं, आणि तेवढं सांगून ते लगेच पाइप शोधायला उठले. मी विचारलं, होईल का हो गार? ते म्हणाले, “बेटी, ये सोलापूर की हवा है. इत्ती सूखी, के पानी को बस दिखाव, ठंडा होतेच होता.” फ्रिजमधली तांब्याची नळी त्यांनी नागमोडी वाकवून तांब्याच्या लहान पत्र्यावर डाग देऊन बसवली. कूलरचा जुना पंप दिला. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी मी बाजारातून आणली. शॉवर आमच्याच न्हाणीत होता, पाणी चौथ्या दिवशी येणाऱ्या घरात त्याचा उपयोग नव्हता, तो मी काढून घेतला.

पाइप उभा राहिला तो थेट पत्र्यापर्यंत. चाचा त्याला मीनार म्हणायचे. पहिले दोन दिवस आम्ही कॉम्प्युटर न लावता नुसतं पाणीच फिरवलं, कुठं गळतं का ते बघायला, आणि तीन ठिकाणी गळलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी यंत्र सुरू केलं. पाइपातून बारीक सरसर आवाज यायला लागला, पत्र्याच्या खोलीत तो फारच परका वाटला. पडद्यावर आतलं तापमान बघायची सोय होती. आधी जो आकडा पंचाऐंशीला गेला की यंत्र विझायचं, तो बेचाळीसवर येऊन थांबला. खोलीतही साधारण तितकंच असेल. मी अप्पांकडे वळून पाहिलं. ते स्टुलावरून उठले, बादलीत एक बोट बुडवलं, धोतराला पुसलं, परत बसले आणि म्हणाले, “सात भर.”

आम्ही दुपारभर काम करू लागलो. अव्वा मध्येच जिन्यात येऊन कडक भाकरीचे तुकडे, शेंगाची चटणी आणि ताक ठेवून जायची. वर कधी यायची नाही, तिला तो पाइप बघवत नसे. कारण पाणी. दिवसाला अर्धी बादली हवेत जायची, आणि आमच्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही कधी पाचव्या. नळाच्या पाण्याची वाटणी अव्वाच्या डोक्यात असे: हंडा प्यायला, कळशी स्वयंपाकाला, पिंपातलं आंघोळीला, प्रत्येकाला मोजून. त्यात हात घालायची कुणाची छाती नव्हती. मी विचारलंच नाही. गल्लीतल्या बोअरचं पाणी घेतलं, ते लागेल तेवढं मिळायचं, खारट होतं पण यंत्राला थोडंच ते प्यायचं होतं.

सोळा दिवसांत सहा डिझाइनं झाली. सातवं सगळ्यांत मोठं, चारी कोपऱ्यांत कोयऱ्या आणि मध्ये वेलीचा चौक. हे एकच असं होतं जे अप्पांच्या जुन्या कागदांत नव्हतं. ते सांगायचे, मी भरायचे, पण तीनचार ठिकाणी ते सांगताना अडले आणि मी पुढचं भरलं. तृतीयेला पाच दिवस उरले होते. दुपारी तीनच्या सुमाराला पाइपातला सरसर आवाज कमी झाला. मला वाटलं माग जोरात चालू आहेत म्हणून ऐकू येत नसेल. मग शिट्टी झाली आणि पडदा काळा पडला. मी त्याच क्षणी फाइल साठवत होते. परत सुरू केल्यावर बाकीची सहा होती, सातव्याच्या जागी एक नाव होतं आणि ते उघडत नव्हतं. जुनी प्रत मी ठेवली नव्हती. तीन दिवसांचं काम गेलं होतं, आणि पाणी नळीतून पुढं सरकत नव्हतं.

मी अप्पांना सांगितलं. ते रागावले नाहीत. ते खाली गेले, फळीवरून पाट काढला, ग्राफचा कोरा कागद पसरला, वाटीत लाल रंग कालवला आणि मांडी घालून बसले. मी आणि अव्वा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पहिला चौकोन भरला. दुसरा भरला. तिसऱ्याला कुंचला शेजारच्या चौकोनात गेला. त्यांनी तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. असे चार कागद झाले. माग चालू होते, त्यामुळे कोणी काही बोललं असतं तरी ऐकू गेलं नसतं. चौथ्या कागदानंतर त्यांनी कुंचला पाण्यात धुतला, नीट पुसला आणि माझ्यापुढं धरला. मी तो घेतला. मला काय करायचं ते कळेना, मी कुंचला घेऊन नुसती उभी राहिले. अप्पा पाटावरून उठून मागच्या दारात जाऊन बसले, पाठ आमच्याकडे करून.

तेव्हा अव्वा पहिल्यांदा वर आली. पदर खोचून तिनं तो पाइप वरपासून खालपर्यंत पाहिला, बादलीच्या काठावर जमलेला पांढरा थर नखानं खरवडला आणि जिभेला लावला.

“बोअरचं घातलीस?”

मी हो म्हणाले.

“पाणी उडून जातंय, मीठ कुटं जाईल? बंबात बघितलं न्हाईस कधी, कसा थर धरतोय ते?”

बंब तिनं जन्मभर घासला होता. मला ते सुचलं नव्हतं, आणि ज्यांचा सगळा धंदाच त्यावर, त्या चाचांनाही नाही. नंतर त्यांना सांगितलं तर ते कपाळाला हात लावून हसत बसले. दरसाल गवताच्या जाळ्या बदलायच्या त्या याच थरापायी. अव्वानं मला तांब्याचा ठोकळा काढून खाली आणायला लावलं. लिंबाचं सत्त्व गरम पाण्यात विरघळवून ते तिनं नरसाळ्यानं नळीत ओतलं, थांबली, परत ओतलं. आधी थेंब, मग गढूळ पांढरी धार, मग स्वच्छ धार. रात्रभर तो ठोकळा त्याच पाण्यात बुडवून ठेवला. सकाळी तिनं पिंपाचं झाकण काढलं आणि नळाच्या पाण्यानं बादली भरून जिन्याच्या पायरीवर ठेवली. मी बघतच राहिले. ती कानडीत म्हणाली, “तगो,” म्हणजे घे, आणि चुलीकडे वळली. त्या बादलीचं पाणी कुणाच्या वाट्यातून आलं ते मला आठवड्यानं कळलं, तिच्या वेणीला तेल लावताना. केस काथ्यासारखे राठ झाले होते. ती बोअरच्या पाण्यानं न्हात होती.

सातवं डिझाइन आम्ही चार दिवसांत परत केलं. या वेळी अप्पा स्टुलावर बसले खरे, पण सात भर, दोन सोड असं काही म्हणाले नाहीत. मला बरंचसं पाठ झालं होतं. जिथं नव्हतं तिथं मी माझ्या मनानं वेल वळवली. एका ठिकाणी कोयरीचं टोक मी आत दुमडलं, तिथं ते घसा खाकरले. मी थांबले. बराच वेळ काही आलं नाही, म्हणून मी पुढं गेले.

तृतीयेच्या आदल्या दिवशी अंबादास शेट स्वतः आले. वर येऊन पाइपाकडे पाहत त्यांनी हे काय म्हणून विचारलं, मी सांगितलं, त्यांनी मान हलवली, पटलं की नाही कळलं नाही. सहा डिझाइनं त्यांनी उभ्याउभ्या पाहिली आणि बरी आहेत म्हणाले. सातव्यापाशी थांबले. चादरीच्या काठात कारखान्याचं नाव विणलेलं असतं, त्या नावाला त्यांना जागा जास्त हवी होती. त्यासाठी कोयरी लहान करावी असं त्यांचं म्हणणं. पंचवीस वर्षांच्या सवयीनं ते अप्पांकडे वळून बोलत होते. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

“मला नका विचारू,” ते म्हणाले. “तिला विचारा. डिझाइन तिचं हाय.”

शेट थोडे गोंधळले. अप्पा नम्रपणानं म्हणताहेत की थट्टेनं, ते त्यांना ठरवता येईना. मीही अप्पांकडे पाहिलं. ते खिडकीतून खाली गल्लीत बघत होते. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता, थरथरत होता, आणि परक्या माणसासमोर त्यांनी तो झाकला नाही, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. त्यानंतर ते तेरा वर्षं जगले. डिझाइनाबद्दल आमचं पुन्हा बोलणं झालं ते क्वचितच. त्या दुपारी त्यांना काय वाटलं हे मी कधी विचारलं नाही, आणि ते आपणहून सांगणाऱ्यांतले नव्हते.

मी शेटना म्हणाले, कोयरीला हात लावायचा नाही, ती लहान केली की मधला चौक उघडा पडेल. त्याऐवजी वेलीचे दोन चौकोन दोन्हीकडून कमी करते, नाव बसेल. ते पडद्याजवळ आले, वाकले, बोटानं मोजू लागले. त्यांचं मोजणं चुकलं, परत सुरू केलं. मग सरळ उभे राहिले आणि मला विचारलं, “बरं, नंदाबाई. कधी देता?”

तोवर मला कुणी बाई म्हटलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची होते.

“उद्या दुपारी,” मी म्हणाले.

ठीक आहे म्हणाले, आणि अप्पांकडे न बघता जिना उतरून गेले.